प्रोव्होचे सहा आठवडे

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात. दुपारी बेल वाजते. दार उघडावं तर पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळी पाटी लावलेले दोन कोवळे तरुण उभे असतात. अदबीने बोलतात, धर्माबद्दल चार शब्द सांगू का म्हणतात, नको म्हटलं तर हसून पुढच्या घराकडे वळतात. ‘एवढ्या लहान वयात ही मुलं घरदार सोडून दोन वर्षं राहतात कशी? आणि यांना तयार कोण करतं?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. यांतली बरीचशी मुलं युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरातल्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रातून आलेली असतात. पहिल्या प्रश्नाला मात्र हे सगळं प्रकरण लागेल. ‘राहतात कशी’ या दोन शब्दांत झोप, एकांत, परकी भाषा, घरची आठवण, अपयशाची भीती असं बरंच काही दडलेलं आहे. धर्मावरची श्रद्धा ही मुलं घरूनच घेऊन येतात. प्रोव्होत त्यांना नव्याने शिकावं लागतं ते रुळायला, आणि माझ्या मते त्या केंद्रातला सर्वांत अवघड विषय तोच आहे.

१. कोण जातं, किती काळासाठी

जग ज्यांना ‘मॉर्मन’ म्हणून ओळखतं त्या पंथाचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ पासून हेच पूर्ण नाव वापरावं असा त्यांचा आग्रह आहे. इथे पुढे नुसतं ‘चर्च’ म्हणू. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. पुढे ब्रिगॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये युटातल्या सॉल्ट लेक खोऱ्यात येऊन स्थिरावले.

गावोगावच्या मंडळ्या या चर्चमध्ये नोकरीधंदा सांभाळणारी माणसंच चालवतात, त्यासाठी पगार घेत नाहीत. प्रचाराचं काम मुख्यतः तरुणांवर असतं. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. त्यांनाही पगार नाही. खर्च ते स्वतः, त्यांचं कुटुंब किंवा गावची मंडळी उचलते. अमेरिकेतल्या मिशनऱ्यासाठी हा वाटा जुलै २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर आहे. कुठे जायचं हे उमेदवाराने ठरवायचं नसतं. अर्ज भरायचा, तपासण्या करून घ्यायच्या आणि नेमणुकीची वाट पाहायची. एकाला पेरू मिळतं, दुसऱ्याला जपान, तिसऱ्याला शेजारचं इडाहो.

ऑक्टोबर २०१२ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी किमान वय कमी केलं. मुलग्यांचं १९ वरून १८ झालं, मुलींचं २१ वरून १९. त्या वेळी जगभरात ५८ हजारांच्या आसपास मिशनरी होते, २०१४ अखेरीस ते ८५ हजारांवर गेले. आकड्यापेक्षा त्यामागचा बदल महत्त्वाचा आहे. पूर्वी मुलगा बहुधा एक वर्ष कॉलेजात काढून यायचा. स्वतःचे कपडे धुणं, खोलीतल्या सोबत्याशी जमवून घेणं, घराबाहेर आजारी पडणं हे त्याने अनुभवलेलं असायचं. आता अनेक मुलं शाळा संपवून थेट येतात. आयुष्यात पहिल्यांदा घर सोडणं आणि मिशनवर निघणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला जवळजवळ एकाच वेळी येतात.

२. तयारीशिवाय गेलेले

सुरुवातीला तयारी हा प्रकार जवळजवळ नव्हताच. चर्च स्थापन झालं त्याच वर्षी जोसेफ स्मिथ यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाच्या प्रती पिशवीत घालून एकटाच बाहेर पडला. अशा माणसाला कुणी सहा आठवडे शिकवलेलं नव्हतं.

याचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी त्याने पुण्यात एक छोटी मंडळी उभी केली. मराठ्यांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही काढली. त्याच सुमारास सॉल्ट लेक सिटीत नेमलेले आणखी काही जण खुष्कीने कॅलिफोर्नियाला गेले आणि तिथून जहाजाने १८५३ मध्ये कलकत्त्याला पोचले. हवा परकी, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. त्यांचं ऐकणारे निघाले ते बहुतेक छावण्यांमधले युरोपीय. १८५६ पर्यंत जवळजवळ सगळे परत गेले आणि हे काम थांबलं. पुढे बंगळूरला या चर्चचं मिशन सुरू झालं ते १९९३ मध्ये. पहिल्या खेपेच्या अपयशाला कारणं अनेक असतील, पण अनोळखी मुलखात माणूस कसा टिकेल याचा विचार कुणी केलेला नव्हता, हे त्यांतलं एक मोठं कारण मी मानतो.

व्यवस्था हळूहळू आली. १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत ‘मिशन होम’ सुरू झालं. निघण्यापूर्वी थोडे दिवस तिथे राहायचं, सूचना घ्यायच्या आणि गाडी पकडायची. भाषा शिकवण्याची सुरुवात १९६१ मध्ये प्रोव्होच्या ब्रिगॅम यंग विद्यापीठात झाली, तीही अडचणीतून. मेक्सिको आणि अर्जेंटिनाला निघालेल्या मुलांचे व्हिसा रखडले होते. बसून राहण्यापेक्षा स्पॅनिश शिका, असं ठरलं. स्पॅनिश थोडीफार शिकून गेलेली मुलं लवकर कामाला लागतात हे दिसल्यावर बाकीच्या भाषा आल्या. विद्यापीठाला लागूनच १९७६ मध्ये स्वतंत्र संकुल उभं राहिलं आणि १९७८ पासून ते ‘मिशनरी ट्रेनिंग सेंटर’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं. २०१७ मध्ये दोन मोठ्या इमारतींची भर पडली. आता तिथे एका वेळी सुमारे ३,७०० जण राहू शकतात आणि पन्नासहून जास्त भाषा शिकवल्या जातात. अशी केंद्रं इतर देशांतही आहेत, उदाहरणार्थ मेक्सिको सिटी, साओ पाउलो, मनिला, अक्रा आणि इंग्लंडमधल्या प्रेस्टनला. सगळ्यांत मोठं प्रोव्होचंच.

३. फुटपाथवरचा निरोप

नवीन मुलं येण्याचा परंपरेने ठरलेला वार बुधवार. कुटुंबाची गाडी केंद्राच्या आवारात ठरलेल्या जागी थांबते. आधी आलेला एक मिशनरी यजमान म्हणून पुढे होतो, सामान उतरवून घेतो. मिठ्या मारल्या जातात, एखादा फोटो निघतो आणि गाडी पुढे सरकते, कारण मागे दुसरी उभी असते.

पूर्वी असं नव्हतं. आईवडील आत येत, एका सभागृहात सगळ्यांसाठी कार्यक्रम होई आणि त्याच्या शेवटी घरचे एका दाराने बाहेर पडत, मुलं दुसऱ्या दाराने. रडारड व्हायची. फुटपाथवरचा दोन मिनिटांचा निरोप पहिल्यांदा ऐकताना कठोर वाटतो. तरी तो बदल योग्य होता असं मला वाटतं. ताटातूट लांबवली की ती हलकी होत नाही, आणि मुलाला त्या क्षणी रडायला नाही, काहीतरी करायला हवं असतं. केंद्र ते लगेच देतं. पाटी घ्या, पुस्तकं घ्या, खोली पाहा, सोबत्याला भेटा. कित्येक मुलं आल्यानंतर तासाभरात वर्गात बसलेली असतात. त्या दिवशी पाटीवर नारिंगी ठिपका चिकटवण्याची प्रथा अनेक वर्षं होती. ठिपका दिसला की जुनी मुलं आपणहून हात मिळवत, वाट दाखवत.

त्याच दिवशी नावही बदलतं. मुलगा ‘एल्डर’ अमुक होतो, मुलगी ‘सिस्टर’ तमुक, आणि पुढे आडनाव. घरात ज्या नावाने हाक मारत ते मिशन संपेपर्यंत कुणी उच्चारत नाही. परक्याला ही बाब किरकोळ वाटेल. अठराव्या वर्षी शेकडो अनोळखी माणसांनी आपल्याला वडिलांच्या आडनावाने, तेही ‘वडीलधारा’ अशा अर्थाच्या उपाधीसह पुकारणं ही किरकोळ गोष्ट नसते. काहींची पाठ त्याने ताठ होते. काहींना आपण कुणाची तरी भूमिका करतोय असं आठवडाभर वाटत राहतं.

४. कधीच एकटं नसणं

बाहेरच्या माणसाला वाटतं की सर्वांत जड जात असेल ती शिस्त. पण अनेकांना शिस्तीपेक्षा एक नियम जास्त जड जातो. मिशनरी कधीही एकटा राहत नाही. त्याला एक जोडीदार नेमून दिलेला असतो, ज्याला ते ‘कंपॅनियन’ म्हणतात. वर्ग, जेवण, व्यायाम, कपडे धुणं, सगळीकडे दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. अपवाद न्हाणीघराचा.

नियमाला आधार बायबलचा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. व्यवहारातली कारणंही उघड आहेत. परक्या शहरात दोघं असणं सुरक्षित, एकजण आजारी पडला तर दुसरा मदत आणतो, एकाचा धीर सुटला तर दुसरा बोलतो.

हा जोडीदार तुम्ही निवडत नाही. तो शेतावर वाढलेला, पहाटे उठणारा, कमी बोलणारा असेल आणि तुम्ही शहरातले, गप्पिष्ट, रात्री जागणारे असाल. शाळेच्या क्रीडामहोत्सवात तीन पायांची शर्यत असते, ती इथे आठवून पाहा. दोघांचा एकेक पाय एकत्र बांधलेला असतो. जोरात पळणाऱ्याला वाटतं की दुसरा आपल्याला मागे खेचतोय, दुसऱ्याला वाटतं हा आपल्याला फरफटत नेतोय. जिंकते ती जोडी जिने पावलांचा ताल जमवलेला असतो, मग तो संथ का असेना. प्रोव्होतल्या पहिल्या आठवड्यातली भांडणं नेमकी तालाची असतात. दिवा कधी मालवायचा, गजर किती वेळा वाजू द्यायचा, धडा शिकवताना कोण जास्त बोलतो.

यावर केंद्राने बसवलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. आठवड्यातून एकदा जोडीने समोरासमोर बसायचं. आठवडा कसा गेला, आपल्यातलं काय चांगलं चाललंय आणि मी काय बदलावं, हे एकमेकांना विचारायचं. तक्रारीला ठरलेली वेळ मिळाली की ती रोज थोडी थोडी साचत नाही. किती घरांत, किती कार्यालयांत अशी बैठक होते? संसाराला लागल्यावर ही सवय उपयोगी पडते असं परतलेली माणसं सांगतात, आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

जोडीभोवती आणखी वर्तुळं असतात. चारपाच जोड्यांचा मिळून एक ‘डिस्ट्रिक्ट’, जो वर्गात एकत्र शिकतो. असे काही गट मिळून ‘ब्रँच’ होते. तिच्यावर बाहेरच्या गावातला एक प्रौढ गृहस्थ देखरेख करतो. आपला व्यवसाय सांभाळून तो रविवारी आणि काही संध्याकाळी येतो, प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो. हजारोंच्या गर्दीतल्या मुलाला आपलं नाव माहीत असलेलं एक वडीलधारं माणूस मिळतं ते असं.

एकांताची भूक मात्र या सगळ्याने भागत नाही. अंतर्मुख स्वभावाच्या मुलांना तिची झळ जास्त लागते. डायरी लिहिणं, डोळे मिटून प्रार्थना करणं, पहाटेच्या वाचनाची शांत वेळ, एवढ्यातच त्यांना आपली जागा शोधावी लागते. डायरी लिहिण्यावर चर्चमध्ये पूर्वीपासून भर आहे, त्यामुळे वही सोबत ठेवण्याची अनेकांना सवय असते. अशा मुलांचा खरा आडोसा बहुधा तीच वही होते.

५. साडेसहा ते साडेदहा

मिशनऱ्याचा परंपरागत दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो आणि रात्री साडेदहाला दिवे मालवले जातात. मध्ये प्रार्थना, न्याहरी, वर्ग, स्वतःचा अभ्यास, जोडीने अभ्यास, व्यायाम, पुन्हा वर्ग. टीव्ही नाही, सिनेमा नाही, आवडीची गाणी नाहीत, वर्तमानपत्र नाही. चहा-कॉफी या धर्मात मुळातच वर्ज्य, तेव्हा ती कँटीनमध्येही नाही. जेवण मात्र पोटभर आणि हवं तितकं. दिवसभर बैठक आणि वर भरपूर जेवण म्हटल्यावर अनेकांचे पट्टे घट्ट होऊ लागतात.

असं वेळापत्रक माणसाला दडपून टाकतं की आधार देतं? पहिल्या आठवड्यात दडपतं. शाळेतल्या मुलाचा दिवस छोट्या छोट्या निवडींनी भरलेला असतो. काय ऐकू, कुणाला संदेश पाठवू, आता झोपू की नंतर. त्या सगळ्या एका झटक्यात जातात आणि मन रिकामं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट घडू लागतं. ठरवण्याचं ओझं कमी झाल्यामुळे डोकं अभ्यासाला मोकळं राहतं आणि ‘आता पुढे काय’ ही काळजीच उरत नाही. ‘पहिला रविवार गाठ, मग जमेल’ असं जुनी मुलं नव्यांना सांगतात. रविवारी वर्ग नसतात, सामुदायिक गायन असतं, प्रवचनं असतात, फिरायला मिळतं, आणि पहिल्यांदाच मागे वळून पाहायला उसंत मिळते.

आठवड्यातला एक दिवस ‘प्रेपरेशन डे’, त्यांच्या बोलीत ‘पी-डे’. कपडे धुणं, केस कापणं, पत्रं लिहिणं, खेळणं. जगाच्या मोठ्या नकाशासमोर उभं राहून आपल्या नेमणुकीच्या देशावर बोट ठेवून फोटो काढायचा, ही इथली जुनी रीत.

६. मोडकं बोलण्याचं धैर्य

आता भाषेकडे येऊ. सहा आठवड्यांत भाषा येते का? आधी साधा हिशोब करू. समजा एखादा मुलगा वर्ग आणि अभ्यास मिळून भाषेला रोज सात तास देतो, आठवड्यातले सहा दिवस. सहा आठवड्यांचे झाले २५२ तास. कॉलेजात आठवड्याला चार तास आणि पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर एका सत्रात होतात ६० तास. म्हणजे कॉलेजची चार सत्रं इथे दीड महिन्यात उरकतात, आणि मध्ये विसरायला सुट्ट्या नसतात. स्पॅनिशसारख्या इंग्रजीला जवळच्या भाषेला सहा आठवडे, तर मँडरिन, जपानी, रशियनसारख्यांना नऊपर्यंत, अशी ढोबळ विभागणी आहे.

नुसत्या तासांनी मात्र जीभ वळत नाही. इथली पद्धत पहिल्या दिवसापासून बोलायला लावते. प्रार्थना कशी करायची ते सर्वांत आधी शिकवतात. तिची वाक्यं ठरावीक असतात आणि ती दिवसातून अनेकदा म्हणावी लागते, त्यामुळे सराव आपोआप होतो. मग पहिल्याच आठवड्यात जोडीला एका खोलीत पाठवतात. आत एक ‘गृहस्थ’ बसलेले असतात, ज्यांना इंग्रजी येत नाही असं धरायचं. त्यांना धर्माबद्दल सांगायचं, त्यांचे प्रश्न समजून घ्यायचे. हे गृहस्थ म्हणजे बहुधा त्यांचेच शिक्षक, जे खऱ्या माणसाची भूमिका करत असतात. शिक्षक म्हणजे तरी कोण? बहुतेक शेजारच्या विद्यापीठातले विद्यार्थी, जे त्याच भाषेच्या देशात मिशन करून दोनतीन वर्षांपूर्वी परतलेले असतात. याच खुर्चीत बसून अडखळलेला माणूस समोर अस्खलित बोलताना दिसणं, हा मुलांना मिळणारा सर्वांत पटणारा पुरावा.

ती पहिली भेट बहुधा फसते. वीस मिनिटांसाठी पाठ केलेलं चार मिनिटांत संपतं. समोरच्याने प्रश्न विचारला की दोघं एकमेकांकडे बघतात. शाळेत वर्गात पहिला येणारा मुलगा इथे दोन वर्षांच्या बाळासारखं तुटक बोलतो आणि खोलीतून बाहेर पडताना त्याचे कान लाल झालेले असतात. रुळण्यातला हा भाग फारसा सांगितला जात नाही. हुशार म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलाला अडाणी दिसण्याची सवय करून घ्यावी लागते. ज्याला ती लवकर होते त्याची भाषा लवकर सुटते, कारण तो चुकत चुकत बोलत राहतो. ज्याला चूक सहन होत नाही तो वाक्य मनात जुळवत बसतो आणि संवाद पुढे निघून जातो.

७. मनाचे टप्पे आणि चार रंग

चर्चने २०१३ मध्ये नव्या जीवनाशी जुळवून घेण्याविषयी मिशनऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. धर्मसंस्थेच्या साहित्यात ती मला वेगळी वाटते. उदास वाटतंय म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं ती म्हणत नाही. नव्या परिस्थितीत ताण येणं स्वाभाविक आहे, अशी तिची सुरुवातच आहे.

पुस्तिका चार टप्पे सांगते. पहिला उत्सुकतेचा. मन भरून आलेलं असतं, अडचणी छोट्या दिसतात. दुसरा अनपेक्षिताचा. हे असं असेल असं वाटलं नव्हतं, घरी जावंसं वाटतं, शरीर कुरकुरतं, नियमांचा राग येतो. तिसऱ्यात ‘हे मला जमेल’ असं वाटू लागतं. चौथ्यात माणूस आपल्या मनाला स्वतः सावरू शकतो. हे टप्पे एकदा चढून संपतात असं नाही. प्रोव्होत तिसऱ्यावर पोचलेला मुलगा विमानातून लिमाला उतरतो, तिथे कुणी हळू बोलत नाही, आणि तो पुन्हा दुसऱ्यावर येतो. हे आधी माहीत असलं की घसरणीची धास्ती वाटत नाही.

ताण मोजायला पुस्तिकेने चार रंग दिले आहेत. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल. एका उदाहरणाने पाहू. समजा दुसऱ्या आठवड्यात एक सिस्टर रात्री घरच्या आठवणीने रडली. सकाळी उठून न्याहरी केली, वर्गात गेली, दुपारी मैत्रिणींबरोबर हसलीही. हा पिवळा. अवघड आहे, पण मन परत जागेवर येतंय. समजा आठवडाभर झोप नीट नाही, जेवण जात नाही, सारखा थकवा आहे आणि विश्रांतीनेही फरक पडत नाही. हा नारिंगी. इथे जोडीदाराला आणि वडीलधाऱ्याला सांगायचं, कामाचे छोटे तुकडे करायचे, झोप आणि व्यायाम नीट करायचा. आणि समजा तिला अंथरुणातून उठवत नाही, काहीच नको वाटतं, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात. हा लाल. आता सल्ले पुरत नाहीत, डॉक्टर किंवा समुपदेशक लागतो. केंद्रात दवाखाना आणि समुपदेशक दोन्ही आहेत.

या पद्धतीचं मोल असं की ती मुलाच्या हातात शब्द देते. ‘मला बरं वाटत नाही’ हे अठरा वर्षांच्या मुलाला, त्यातही मुलग्यांना, बोलणं अवघड असतं. ‘मी तीन दिवस नारिंगी आहे’ हे सोपं जातं, आणि ऐकणाऱ्यालाही काय करायचं ते कळतं. आपल्याकडच्या वसतिगृहांनी, लष्करी प्रशिक्षण संस्थांनी, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांसाठीच्या अभ्यासिकांनी ही कल्पना उचलावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी धर्म लागत नाही, भिंतीवर एक तक्ता पुरतो.

८. घरचा फोन

अनेक दशकं मिशनऱ्याला घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी पत्रं आणि नंतर आठवड्याचा ईमेल. सतत घरी बोललं तर मन तिथेच अडकतं, असा त्यामागचा विचार. तो अगदीच चुकीचा नव्हता. पण ज्याचा रंग नारिंगीकडे चाललाय त्याला आईचा आवाज ऐकायला सहा महिने थांबायला लावणं हे माझ्या दृष्टीने अन्यायाचं होतं. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी चर्चने नियम बदलला. आता आठवड्याच्या पी-डेला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो.

दुसरा मोठा बदल करोनाने आणला. मार्च २०२० मध्ये केंद्र रिकामं झालं आणि शिकवणी घरोघरी ऑनलाइन सुरू झाली. मुलं स्वतःच्या खोलीत, शर्ट-टाय घालून पडद्यासमोर बसत. २०२१ च्या उन्हाळ्यात प्रोव्होची दारं पुन्हा उघडली, पण सुरुवातीचे काही दिवस घरूनच शिकण्याची पद्धत कायम राहिली. त्याने ताटातूट दोन भागांत विभागली गेली. आधी दिनक्रम बदलतो, घर तेच राहतं. नंतर घर सुटतं, तोवर दिनक्रम अंगवळणी पडलेला असतो. सगळं एकाच बुधवारी बदलण्यापेक्षा हे खूप सुसह्य आहे.

९. ज्यांना जमत नाही त्यांचं काय

सगळीच मुलं रुळत नाहीत. कुणाची तब्येत साथ देत नाही, कुणाचं मन, कुणाची श्रद्धा. केंद्रातून किंवा पुढे मिशनवरून काही जण मुदतीआधी घरी येतात. युटातल्या गावात हे लपत नाही. जाताना निरोप संपूर्ण मंडळीने दिलेला असतो. मुलगा सहा आठवड्यांत परत दिसला की लोक विचारतात, किंवा मुद्दाम विचारत नाहीत, आणि दोन्ही सारखंच लागतं. म्हणून कित्येक मुलं गरज असतानाही परतायचं नाव काढत नाहीत. सोबत असणारा जोडीदार इथे मदतीचाही असतो आणि अडचणीचाही, कारण त्याच्यादेखत मोडायची लाज वाटते.

या बाबतीत चर्चची चाल बरीच वर्षं मंद होती. जानेवारी २०१९ पासून अर्जाची एकच पद्धत आली. तिच्यात ज्यांना दूर जाऊन प्रचार करणं झेपणार नाही अशांना घरी राहून सेवा करण्याची नेमणूक मिळू शकते. अन्नवाटप, दवाखाने, कार्यालयं, निर्वासितांची मदत अशा कामांची. तब्येतीमुळे परतलेल्यांनाही उरलेला काळ अशा सेवेत पुरा करता येतो. त्यांच्याही छातीवर पाटी असते.

प्रशिक्षण केंद्राचं यश किती भाषा शिकवल्या आणि किती मुलं विमानात बसवली यावर मोजण्याची रीत आहे. मी ते परत आलेल्या मुलावर मोजेन. त्याला विमानतळावर घ्यायला कोण आलं, पुढच्या रविवारी मंडळीत त्याच्या शेजारी कोण बसलं, यावर. पत्रांच्या काळात आणि वर्षाला दोन फोनांच्या काळात हे केंद्र त्या कसोटीला उतरत नव्हतं. गेल्या दहा-बारा वर्षांत ते तिच्या बरंच जवळ आलं आहे.